विकिपीडियावर ओटीटीचं पान सुधारताना: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या वाचनालयात दर रविवारी आम्ही सात-आठ जण मराठी विकिपीडियावर लिहायला बसतो आणि नवीन येणाऱ्या बहुतेकांना पहिला हात ओटीटीच्या पानालाच लावायचा असतो. नेटफ्लिक्स, हॉटस्टार, झी५, सोनी लिव्ह, जे घरात रोज लागतं तेच. चांगलंच आहे ते. पण ही पानं दिसतात सोपी आणि असतात अवघड, कारण या कंपन्यांची नावं, मालक, आकडे सगळं सारखं बदलत असतं. व्हॉट्सॲपवर जे प्रश्न परत परत येतात ते एकदाच नीट लिहून ठेवतेय.

१. विकिपीडियावर खरंच कोणीही लिहू शकतं का? खातं उघडावंच लागतं का?

हो, कोणीही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला आणि तेव्हापासून तो तुमच्या-माझ्यासारख्यांनीच लिहिलाय, पगारी संपादक कोणी नाही. खातं नसतानाही बऱ्याच पानांवर बदल करता येतो, पण उघडाच म्हणते मी, कारण तुमचं काही चुकलं तर सांगायला लोकांना जागा मिळते, आणि तेच खातं इंग्रजी विकिपीडिया, कॉमन्स (विकिपीडियाचा चित्रांचा साठा), विकिडाटा (माहितीचा साठा) सगळीकडे चालतं. ईमेल सक्तीचा नाही तरी टाका, पासवर्ड विसरलात तर दुसरा मार्ग नसतो. खात्याला कंपनीचं किंवा दुकानाचं नाव देऊ नका.

२. माका संपादनाचा बटण दिसणा नाय, काय करू?

मोबाइलवर असाल तर शब्द नसतो, पेन्सिलचं चित्र असतं, ते शोधा. पेन्सिलही नसेल, किंवा कॉम्प्युटरवर ‘संपादन’च्या जागी ‘स्रोत पहा’ दिसत असेल, तर ते पान सुरक्षित केलेलं आहे, म्हणजे आधी कोणीतरी तिथे बराच धुडगूस घातलेला असणार. मग त्याला जोडलेल्या चर्चा पानावर जाऊन लिहा की अमुक वाक्य असं बदलायला हवं आणि हा त्याचा संदर्भ, जाणता सदस्य किंवा प्रचालक (जास्तीचे अधिकार असलेला सदस्य) बघून करतो.

३. मराठी टाइप कसं करायचं? आणि मधेच लाइट गेली तर लिहिलेलं जातं का?

मोबाइलवर तुमचा नेहमीचा मराठी कीबोर्ड चालतो. कॉम्प्युटरवर विकिपीडियाची स्वतःची सोय आहे, लिहायच्या चौकटीत कर्सर ठेवून कंट्रोल आणि एम दाबलं की मराठी चालू, परत दाबलं की बंद.

लाइटचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय असतं ते सगळ्यांना माहितीच आहे, वारा सुटला की तार तुटते आणि टॉवरही जातो, म्हणून मोठा परिच्छेद असेल तर तो आधी मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा, वाचून बघा आणि मग नेऊन चिकटवा. ब्राउझर कधीकधी सांभाळून ठेवतो पण त्याच्या भरवशावर तासाभराची मेहनत सोडू नका.

४. एकदम मोठ्या पानात हात घालायची भीती वाटते. सुरुवात कुठून करू?

धूळपाटीपासून. तुमच्या खात्याबरोबर तुमची स्वतःची धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान, मिळते, तिथे काय हवं ते खरवडा. मग खऱ्या पानावर आधी शुद्धलेखन, तुटलेली लिंक, एखादी चुकलेली तारीख, एवढंच. आमच्यातल्या एका काकांनी पहिले दोन महिने फक्त ‘मधे’ आणि ‘मध्ये’ बघितले आणि आज माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूची थोडक्यात माहितीची चौकट) सगळ्यात सफाईने काम तेच करतात. प्रकाशित करायच्या आधी ‘झलक पहा’ दाबायची सवय लावा आणि सारांशाच्या ओळीत काय केलं ते दोन शब्दांत लिहा.

५. माहितीचौकटीत फक्त एक शब्द बदलला आणि पानाची पार वाट लागली. आता?

घाबरू नका, जुनी आवृत्ती पानाच्या इतिहासात, म्हणजे आधीच्या सगळ्या बदलांच्या यादीत, असतेच. बहुतेक वेळा कारण एकच असतं: माहितीचौकट हा साचा (आधीच बनवून ठेवलेला नमुना) आहे, तो दोन महिरपी कंसांनी उघडतो आणि दोन महिरपी कंसांनी बंद होतो, आणि प्रत्येक ओळ एका उभ्या रेघेने सुरू होते. बंद होणारा एक कंस जरी पुसला गेला तरी चौकट फुटते, मुख्यालय, मालक, संकेतस्थळ सगळं उघड्या मजकुरात सांडतं. इतिहासात जाऊन तुमचा बदल उलटवा आणि शांतपणे परत करा. रेघेच्या लगेच पुढचा, बरोबरच्या चिन्हाच्या आधीचा शब्द कधी बदलायचा नाही, तो साच्याचा असतो. आपलं लिहायचं ते बरोबरच्या चिन्हानंतर.

६. मी रोज वापरतो ते ॲप, मला सगळं माहितीय. तरी संदर्भ का मागतात?

कारण वाचणारा तुम्हाला ओळखत नाही. तुम्हाला ठाऊक असणं वेगळं आणि दुसऱ्याला तपासता येणं वेगळं, विकिपीडिया या दुसऱ्यावर उभा आहे. त्यामुळे प्रत्येक आकडा, तारीख, मालकी, वाद याच्यापुढे असा संदर्भ हवा जो त्या कंपनीपासून स्वतंत्र आहे आणि ज्याच्यामागे संपादक बसलेला आहे, म्हणजे लोकसत्ता, सकाळ, द हिंदू, इंडियन एक्सप्रेस अशी वर्तमानपत्रं, व्यापारविषयक नियतकालिकं, पुस्तकं. यूट्यूबवरचा रिव्ह्यू, फेसबुक पोस्ट, ॲप स्टोअरमधले अभिप्राय धरत नाहीत.

कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ? मुख्यालय कुठे, प्रमुख कोण, एवढ्यापुरतं ठीक. ‘देशातील आघाडीची सेवा’ हे तिथून उचलायचं नाही.

७. बातमी कागदी पेपरात आहे, नेटवर नाहीच. मग ती वाया गेली का?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो. संदर्भ ऑनलाइन असायलाच हवा असा नियम नाही. पेपराचं नाव, आवृत्ती, तारीख, बातमीचा मथळा, पान क्रमांक एवढं नीट लिहिलंत की झालं. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग आवृत्त्यांमधलं कितीतरी नेटवर कधी चढतच नाही, आणि ते वाचनालयातल्या गठ्ठ्यांत पडून असतं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय तर १८२८ सालचं. जवळच्या वाचनालयात जा, तारीख सांगा, गठ्ठा काढून देतात. पानाचा फोटो तुमच्याजवळ ठेवा, विकिपीडियावर चढवू नका, तो पेपरच्या मालकीचा असतो.

८. पाच पेपरांत तीच बातमी आहे. म्हणजे पाच संदर्भ झाले ना?

पाचही शेजारी उघडून वाचा. तेच शब्द, त्याच क्रमाने, अधिकाऱ्याचं तेच वाक्य? मग ती प्रेस नोट आहे, ती पाच ठिकाणी छापून आली म्हणून पाच झाली नाही, एकच, आणि तीही कंपनीची. खाली किंवा कोपऱ्यात ‘प्रायोजित’, ‘ब्रँड’ असं बारीक अक्षरात असतं तेही बघा. एखाद्या छोट्या मराठी ओटीटीचं पान ‘उल्लेखनीय नाही’, म्हणजे त्यावर बाहेर पुरेसं लिहिलं गेलेलं नाही, म्हणून काढलं जातं तेव्हा बरेचदा हेच झालेलं असतं: वीस संदर्भ, पण स्वतंत्रपणे कोणी अभ्यासून लिहिलेला एकही नाही.

९. इंग्रजी पान सरळ भाषांतर करून टाकलं तर?

परवानगी आहे, दोन अटींवर. पहिली म्हणजे सारांशात ‘इंग्रजी विकिपीडियावरील अमुक लेखावरून भाषांतर’ असं लिहायचं, कारण तो मजकूर मोफत असला तरी श्रेय द्यायच्या अटीवरच मोफत आहे. दुसरी म्हणजे तिथले संदर्भ स्वतः उघडून बघायचे, इंग्रजीतही चुका असतात आणि आपण त्या मराठीत आणून पक्क्या करतो.

आणि मशीनचं भाषांतर तसंच प्रकाशित करू नका हो, कळकळीने सांगतेय. ‘लायब्ररी’चं ‘ग्रंथालय’ होतं, मग वाक्य असं होतं की नेटफ्लिक्सच्या ग्रंथालयात हजारो शीर्षके आहेत. मालिकांच्या निर्मितीचं ‘मूळ प्रोग्रामिंग’ होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं कोणी कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिला. सीझनचा ‘हंगाम’ होतो, आता आपल्याकडे हंगाम म्हटलं की आंबा आठवतो, तिथे ‘पर्व’ किंवा सरळ ‘सीझन’ लिहा. आणि सबस्क्रायबरला ‘सदस्य’ लिहिलं की आकड्याचाच घोळ सुरू होतो, तो पुढे प्रश्न ११ मध्ये. एक परिच्छेद वाचा, स्क्रीन बाजूला करा आणि शेजारणीला सांगावं तसं स्वतःच्या शब्दांत लिहा, मग आकडे-तारखा परत ताडून बघा.

१०. एआयकडून लिहून घेतलं तर चालतं का, भाषा तर छान येते?

भाषा छान येते आणि संदर्भ खोटे येतात. आमच्याकडे एका मुलाने असं आणलं होतं, सात संदर्भ होते, एकेक उघडत गेलो तर तीन पानं अस्तित्वातच नव्हती आणि एका बातमीत त्या सेवेचं नावसुद्धा नव्हतं. त्याला वाईट वाटलं पण ते प्रकाशित व्हायच्या आधी कळलं हे बरं झालं. जे वाक्य तुम्ही स्वतः संदर्भात वाचलेलं नाही ते टाकायचं नाही, मग ते कोणीही लिहून दिलेलं असो.

११. प्रेक्षकसंख्या किती लिहायची? प्रत्येक ठिकाणी वेगळीच दिसते.

कारण प्रत्येक ठिकाणी वेगळीच गोष्ट मोजलेली असते. पैसे भरणारे ग्राहक, महिन्यातून एकदा तरी उघडणारे, ॲप डाउनलोड केलेले, आणि एकाच क्षणी बघत असलेले, हे चार आकडे चार वेगळे आहेत. हॉटस्टारचंच बघा. ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला डिझ्नी+ हॉटस्टारचे पैसे भरणारे ग्राहक ६ कोटी १३ लाख होते. आणि १९ नोव्हेंबर २०२३ ला भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषक फायनलला एकाच वेळी बघणारे ५ कोटी ९० लाखांवर गेले. दोन्ही आकडे सहा कोटींच्या आसपास आहेत म्हणून एकाने ‘ग्राहक घटले’ असं वाक्य जोडून दिलं होतं. मोबाइलवर ती मॅच फुकट होती, पैसे भरायचा संबंधच नव्हता! ग्राहक खरंच घटले होते, पण ते दाखवायला ग्राहकांचाच नंतरचा आकडा लागतो, मॅच बघणाऱ्यांचा नाही.

तेव्हा आकडा लिहिताना तीन गोष्टी एकाच वाक्यात: काय मोजलं, कोणत्या तारखेला, कोणी सांगितलं. उदाहरणार्थ नेटफ्लिक्सची पैसे भरणारी खाती २०२४ च्या अखेरीस जगभरात ३० कोटी १६ लाख होती, आणि २०२५ पासून कंपनीने दर तिमाहीला हा आकडा देणं थांबवलं. म्हणजे तारीख लिहिलेली असेल तर जुना आकडाही खराच राहतो. ‘सध्या’, ‘आता’, ‘नुकतंच’ हे शब्द मात्र काढून टाका, पान दहा वर्षांनीही कोणीतरी वाचणार आहे.

मिलियनवरून कोटी करताना: १० मिलियन म्हणजे १ कोटी. एका शून्याने चुकलेली पानं मी स्वतः दुरुस्त केलीत, घाईत करू नका.

१२. ‘सुरुवात’ म्हणून कुठली तारीख? कंपनीची, ॲपची की भारतातली?

शक्य तिथे तिन्ही, पण प्रत्येकीला नाव देऊन. नेटफ्लिक्स कंपनी १९९७ ची, तेव्हा ती टपालाने डीव्हीडी पाठवायच्या धंद्यात होती, स्ट्रीमिंग सुरू झालं २००७ ला आणि भारतात आली ६ जानेवारी २०१६ ला. माहितीचौकटीत नुसतं १९९७ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं तेव्हापासून लोक नेटवर सिनेमे बघत होते. लेख सेवेचा आहे की कंपनीचा हे पहिल्या ओळीत ठरवा, चौकट त्याप्रमाणे भरा, बाकीच्या तारखा ‘इतिहास’ विभागात.

१३. हॉटस्टारचं नाव किती वेळा बदललं! नवीन नावाने नवीन लेख करू का?

नाही, आणि घाईने केलेत तर विलीन करायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. क्रम असा आहे: फेब्रुवारी २०१५ ला स्टार इंडियाने हॉटस्टार सुरू केलं. मार्च २०१९ मध्ये डिझ्नीने ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी फॉक्स विकत घेतली, त्यात स्टार आली, आणि ३ एप्रिल २०२० ला सेवा डिझ्नी+ हॉटस्टार झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार इंडिया आणि जिओसिनेमा चालवणारी व्हायाकॉम१८ एकत्र आल्या, आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि डिझ्नी+ हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं.

सेवा तीच पुढे चालू असेल तर लेख एकच ठेवायचा. तो नव्या नावावर ‘स्थानांतरण’ करून न्यायचा म्हणजे जुना इतिहास, कोणी काय लिहिलं ते, सगळं बरोबर येतं. मजकूर कॉपी करून नव्या पानावर चिकटवायचा नाही, तसं केलं की आधीच्या लोकांचं श्रेय पुसलं जातं. जुनी नावं पुनर्निर्देशन म्हणून राहतात, म्हणजे ती शोधली की वाचक आपोआप नव्या पानावर येतो, आणि डिझ्नी, डिस्ने, डिज्नी अशी लोक जी जी अक्षरं टाइप करतात त्या सगळ्यांची पुनर्निर्देशनं करून ठेवा, हे पाच मिनिटांचं काम आहे आणि फार उपयोगाचं. जिओसिनेमा मात्र २०१६ पासून स्वतंत्र सेवा होती, तिचा लेख वेगळाच राहू दे.

आणि हे फार जण चुकतात: जुन्या घटनेत त्या वेळचं नाव लिहायचं. २०१९ चा क्रिकेट विश्वचषक जिओहॉटस्टारवर लागला नव्हता, हॉटस्टारवर लागला होता. ‘शोधा आणि बदला’ मारून सगळीकडे नवं नाव घातलंत की इतिहासच खोटा होतो.

१४. जी सेवा बंद पडली तिचं पान काढून टाकायचं ना?

नाही. वूट २०१६ ला आलं, २०२३ मध्ये जिओसिनेमात मिसळलं, तरी ते होतं हे खरंच आहे ना? ‘आहे’चं ‘होती’ करा, बंद झाल्याची तारीख संदर्भासकट द्या, झालं. खरं काम पुढेच आहे: सेवा बंद पडली की तिचं संकेतस्थळ जातं आणि पानावरचे अर्धे दुवे मरतात. म्हणून आत्ता चालू असलेल्या सेवांवर लिहितानाही प्रत्येक दुवा इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती साठवणारी साइट) जतन करून तो पत्ताही संदर्भात द्या.

१५. प्लॅनच्या किमती आणि सगळ्या मालिकांची यादी टाकू?

किमतींचा तक्ता नको, ते दरपत्रक होतं आणि चार महिन्यांत शिळं होतं. ज्या किमतीवर स्वतंत्रपणे लिहिलं गेलं ती ‘इतिहास’ विभागात येऊ शकते, जसं नेटफ्लिक्सने भारतात जुलै २०१९ ला १९९ रुपयांचा फक्त मोबाइलसाठीचा प्लॅन आणला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो १४९ वर आणला. यादीचं म्हणाल तर सेवेने स्वतः बनवलेल्या मालिकांची वेगळी यादी होऊ शकते, पण ‘या शुक्रवारी काय बघाल’ हे विकिपीडियाचं काम नाही.

१६. लोगो आणि पोस्टर गुगलवरून घेऊन कॉमन्सवर टाकलं तर?

पोस्टर काढून टाकतात, आणि बरोबरच करतात. कॉमन्सवर फक्त मुक्त परवान्याची चित्रं चालतात. साधी अक्षरं असलेला लोगो कधीकधी चालतो, तो बहुतेक वेळा तिथे आधीच असतो, शोधा.

१७. आमच्या गावात वेब सिरीजचं शूटिंग झालं, मी स्वतः जेटीवर उभा होतो, तरी माझं वाक्य का काढलं?

हा प्रश्न दर दोन महिन्यांनी येतो, कधी मालवणहून, कधी गुहागरहून, आणि मला तो विचारणाऱ्याचा अभिमान कळतो. तुमच्यावर अविश्वास नाहीये. जेटीवर जनरेटरची गाडी उभी होती, चार दिवस होड्या बाजूला लावायला सांगितल्या होत्या, तुमच्या मावशीने युनिटला घावणे करून दिले, सगळं खरं. पण नागपूरला बसलेला वाचक ते कुठे तपासणार? त्या दिवसांतला स्थानिक आवृत्तीचा पेपर शोधा (प्रश्न ७), शूटिंगची बातमी बहुतेक वेळा आलेली असते. मग ते वाक्य ओटीटीच्या पानावर नाही, त्या मालिकेच्या किंवा तुमच्या गावाच्या पानावर टाका, तिथे ते शोभतं.

आणि जेटीचा तुम्ही स्वतः काढलेला फोटो असेल तर तो कॉमन्सवर नक्की द्या. गावांच्या पानांवर फोटोच नसतात हो आपल्याकडे.

१८. मॅचच्या ऐन वेळी ॲप बंद पडलं, ते ‘टीका’ विभागात लिहू?

तुमच्या घरी बंद पडलं म्हणून नाही. देशभर बंद पडलं आणि त्यावर स्वतंत्र बातम्या आल्या तर एक वाक्य, तारखेसह, कंपनीने काय सांगितलं तेही. आपलाच राग असतो तेव्हा भाषा आपोआप तिखट होते, म्हणून एक रात्र जाऊ द्या आणि मग लिहा. मालिकेवरून वाद, कोर्टकचेरी असेल तर जास्त जपून, त्यात जिवंत माणसांची नावं असतात, संदर्भ नसलेला आरोप एक मिनिटही ठेवायचा नाही. २५ फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांबद्दल, म्हणजे वयानुसार वर्गवारी, तक्रार कुठे करायची वगैरे, प्रत्येक सेवेच्या पानावर तोच परिच्छेद चिकटवू नका, तो ओटीटीच्या सर्वसाधारण लेखात एकदाच हवा.

१९. माझा भाचा त्याच कंपनीत आहे, तो म्हणतो पान जरा चांगलं करून दे.

पैसे घेऊन किंवा नोकरीचा भाग म्हणून संपादन होत असेल तर कोणासाठी करतोय हे उघड सांगणं विकिमीडियाच्या वापरअटींत २०१४ पासून बंधनकारक आहे, सदस्य पानावर, चर्चा पानावर किंवा सारांशात. नात्यातला माणूस आहे, पैसे नाहीत, तरीही सांगा, आणि स्वतः बदल न करता चर्चा पानावर सुचवा. चुकीची तारीख दुरुस्त करायला कोणी नाही म्हणणार नाही.

२०. मी लिहिलेलं कोणीतरी उडवलं. परत टाकू?

लगेच नाही. इतिहासात जाऊन कोणी आणि काय कारण देऊन काढलं ते वाचा. संदर्भ नव्हता तर संदर्भासकट परत टाका. कारण पटलं नाही तर चर्चा पानावर विचारा, त्या सदस्याला हाक द्या, दोन-चार दिवस थांबा, सगळे आपापली नोकरी-शेती सांभाळून येतात. तू काढ मी टाकतो असं चालू झालं तर खातं रोखलं जाऊ शकतं, इंग्रजीवर तर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की कारवाई होते. तरीही सुटलं नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या चर्चेच्या पानावर, मांडा.

२१. मालवणीत लिहिलं तर चालेल?

लेखात प्रमाण मराठी. चर्चा पानावर बिनधास्त मालवणी लिवा, कळता सगळ्यांक.

२२. सेवेचं नाव बदलणार अशी बातमी आलीय, आज रात्रीच बदलून टाकू?

थांबा. घोषणा वेगळी आणि बदल वेगळा. अमेरिकेतल्या एचबीओ मॅक्सचं मे २०२३ मध्ये नुसतं ‘मॅक्स’ झालं, मग मे २०२५ मध्ये जाहीर झालं की परत एचबीओ मॅक्स करणार, आणि प्रत्यक्षात झालं ९ जुलै २०२५ ला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी शीर्षक बदललं असतं त्यांचं पान तेवढे दिवस चुकीचं राहिलं असतं. घोषणेचं एक वाक्य तारखेसह इतिहास विभागात टाका, शीर्षक आणि चौकट तशीच ठेवा. ज्या दिवशी नाव खरंच बदलेल त्या दिवशी प्रश्न १३ प्रमाणे स्थानांतरण करा.